इंजिन सगळ्यात शेवटी

मागच्या दिवाळीनंतर धाकट्या मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. अलिबागच्या दक्षिणेला एका किनाऱ्यावर त्याच्या चार क्वाड बाइक चालतात. पर्यटक येतात, दोन फेऱ्या मारतात, रील काढतात आणि वडापाव खायला जातात. फोटोत त्या चारांपैकी एक गाडी उघडी पडली होती. तिचं इंजिन काढून ठेवलेलं, आणि शेजारी गोणपाटावर भंगारातून आणलेलं पल्सरचं २२० सीसीचं इंजिन. खाली मेसेज होता : ‘ताई, जुनं ११० सीसीचं इंजिन गेलं. पार्ट मिळत नाहीत. हे बसवतोय. गॅरेजवाले काका म्हणतात, दोन दिवसांचं काम आहे. तू मेकॅनिकलवाली, एकदा बघून सांग.’

मी लिहिलं, ‘थांब.’

त्याने लगेच विचारलं, ‘का?’

त्या ‘का’चं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नव्हतं. त्याला जे करायचं होतं, ते लोक गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं करत आले आहेत. छोट्या इंजिनाच्या हिशेबाने बांधलेल्या गाडीत मोठं इंजिन घालायचं. आणि हे पहिल्यांदा कुठल्या गॅरेजवाल्याने केलं नाही. खुद्द कंपन्यांनी केलं.

सात हॉर्सपॉवरची गाडी

१९६७ च्या सुमाराला अमेरिकेतल्या होंडाच्या विक्रेत्यांपुढे एक अडचण होती. हिवाळ्यात बर्फ पडलं की मोटरसायकली खपत नसत. त्या दिवसांत विकता येईल असं काहीतरी द्या, अशी मागणी जपानला गेली आणि काम ओसामू ताकेउची या इंजिनिअरकडे आलं. त्यांनी दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत वेगवेगळ्या रचना करून पाहिल्या. बर्फ, चिखल, वाळू अशा भुसभुशीत जमिनीवर, लहान इंजिनाच्या ताकदीत, तीन चाकांची गाडी सगळ्यात बरी चालली.

अडचण टायरची होती. मोटरसायकलचा टायर अरुंद आणि कडक, तो रुततो. ताकेउचींना उपाय सापडला तो अमेरिकेतल्या ‘अ‍ॅम्फिकॅट’ नावाच्या, जमिनीवर आणि पाण्यातही चालणाऱ्या सहाचाकी गाडीच्या टायरांत. फुग्यासारखे गुबगुबीत टायर, आणि आत हवा अगदी नावाला. आपल्या बाइकच्या टायरमध्ये पंचवीस-तीस पीएसआय हवा भरतो, अशा टायरांत दोन-तीन पुरते. टायर जमिनीवर पसरतो, वजन वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही. शिवाय खड्डाही तोच गिळतो, म्हणून या पहिल्या गाडीला सस्पेन्शन दिलेलंच नव्हतं.

१९७० साली ही गाडी आधी ‘यूएस ९०’ आणि मग ‘एटीसी ९०’ या नावाने बाजारात आली. इंजिन ९० सीसीच्या घरातलं, ताकद सात हॉर्सपॉवर.

हा सात आकडा लक्षात ठेवा, कारण गाडीतली प्रत्येक गोष्ट त्याला धरून होती. मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर, म्हणजे अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली. मध्ये डिफरन्शियल नाही. कारमध्ये वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी, ते डिफरन्शियलमुळे. इथे दोन्ही चाकं सारखीच फिरणार, त्यामुळे हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते. तिला वळवायचं तर अंगाचं वजन हलवून आतलं चाक हलकं करावं लागतं. म्हणजे चालवणाऱ्याचं अंग हा या गाडीचा एक पार्टच आहे. सात हॉर्सपॉवरवर, बर्फात, धिम्या गतीने हे जमून जात होतं.

पहिलं अपग्रेड

गाडी खपली. शेतकऱ्यांनी घेतली, शिकाऱ्यांनी घेतली, आणि मग पोरांनी घेतली. पोरांना शर्यत लावायची होती. १९८१ साली होंडाने ‘एटीसी २५०आर’ आणली : टू-स्ट्रोक, २५० सीसीच्या घरातलं, मोटोक्रॉसच्या वळणाचं इंजिन. पाठोपाठ बाकीच्या कंपन्याही त्या स्पर्धेत उतरल्या. सस्पेन्शन आलं, ब्रेक सुधारले. पण चाकं तीनच राहिली.

तीन चाकांचं भूमितीतलं दुखणं कागदावर काढून बघा. पुढचं चाक आणि मागचं बाहेरचं चाक यांना जोडणारी रेघ ओढा. वळताना गाडी कलंडते ती या तिरक्या रेघेवरून. चार चाकांत ही रेघ गाडीच्या कडेने सरळ जाते. तीन चाकांत ती तिरकी होऊन चालवणाऱ्याच्या बुडाच्या बरीच जवळ येते. वेग वाढला, वळण आवळलं, अंग वेळेवर आत झुकलं नाही, की गाडी उलटलीच. आणि ज्याचं वजन पुरेसं नाही त्याला ती झुकवताच येत नाही. लहान मुलांना तर नाहीच.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत अशा गाड्यांवरच्या मृत्यूंचा आकडा शेकड्यांत गेला. त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांचा वाटा मोठा होता. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल १९८८ मध्ये सरकार आणि पाच कंपन्या यांच्यात करार मंजूर झाला : होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस. तीनचाकी विकणं बंद. ९० सीसीच्या वरची गाडी सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी विकायची नाही. गाडीवर इशारे छापायचे, नव्या गिऱ्हाइकाला चालवायचं शिक्षण द्यायचं. मुदत दहा वर्षं.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगत होते तेव्हा तो म्हणाला, ‘पण ताई, माझी चारचाकी आहे.’

बरोबर होतं त्याचं. म्हणून गोष्ट इथे संपत नाही.

कारखाना थांबला, गॅरेज थांबलं नाही

चारचाकी क्वाड सुझुकीने आणली, १९८३ च्या मॉडेलची ‘क्वाडरनर एलटी १२५’. ती शांत गाडी होती. पण दोनच वर्षांत, १९८५ ला, सुझुकीचीच ‘क्वाडरेसर एलटी २५०आर’ आली. १९८६ ला होंडाची ‘टीआरएक्स २५०आर’. १९८७ ला यामाहाची ‘बॅन्शी’, आणि सुझुकीची ५०० सीसीची ‘एलटी ५००आर’, जिला लोकांनी ‘क्वाडझिला’ म्हणायला सुरुवात केली. सगळ्या टू-स्ट्रोक, सगळ्या वाटरकूल्ड, सगळ्या शर्यतीच्या.

मग तो करार झाला. त्याने वेगवान चारचाकींवर बंदी घातलेली नव्हती, पण त्यानंतर कंपन्यांनी हात आखडता घेतला. होंडाची २५०आर १९८९ नंतर बंद. क्वाडझिला १९९० नंतर बंद. एलटी २५०आर १९९२ नंतर बंद. मोठ्या टू-स्ट्रोकपैकी अमेरिकेच्या दुकानात उरली ती बॅन्शी.

शर्यती मात्र बंद झाल्या नाहीत. ज्यांच्याकडे २५०आर होती त्यांनी ती जपली, आणि जपता जपता बदलली. छोट्या वर्कशॉपनी तिच्यासाठी अख्ख्या फ्रेम बनवायला घेतल्या. मोठ्या बोअरचे सिलिंडर, लांब सस्पेन्शन आर्म, रुंद अ‍ॅक्सल असं एकेक बाहेरून मिळू लागलं. नव्वदच्या दशकात शर्यतीतल्या ‘होंडा’मध्ये इंजिनाचं खोकं सोडलं तर कारखान्याचं फारसं काही उरत नसे. काहींनी तर होंडाच्याच सीआर ५०० या मोटोक्रॉस बाइकचं ४९१ सीसीचं इंजिन २५०आरच्या फ्रेममध्ये बसवलं. म्हणजे माझ्या भावाचीच आयडिया. दुप्पट इंजिन, तीच फ्रेम, ब्रॅकेट वेल्ड करून.

बॅन्शीची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. ती वाचताना मला आमच्या गल्लीतली राजदूत ३५० आठवते. सकाळी किक मारली की वरच्या मजल्यावरचे लोक खिडकीत येत. ती राजदूत म्हणजे यामाहाच्या आरडी ३५० चं भारतात १९८३ पासून बनलेलं रूप : दोन सिलिंडर, बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४ मिलिमीटर, ३४७ सीसी, हवेवर थंड होणारी. बॅन्शीचं इंजिन त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीचं, पाण्यावर थंड होणारं. पण बोअर तोच, ६४. स्ट्रोक तोच, ५४. सीसी तेवढेच, ३४७.

गॅरेजवाल्यांचं गणित या दोन आकड्यांवर चालतं, आणि ते तुम्हाला फोनच्या कॅल्क्युलेटरवर करता येईल. बोअरची त्रिज्या वर्ग करा, पायने गुणा, स्ट्रोकने गुणा, सिलिंडरच्या संख्येने गुणा. बोअर घासून ६४ चा ६६ केला की ३४७ चे जवळपास ३७० सीसी होतात. बोअर तसाच ठेवून चार मिलिमीटर जास्त स्ट्रोकचा क्रँक घातला की ३७३. ६८ बोअरचे नवे सिलिंडर आणि तोच लांब क्रँक असं दोन्ही केलं की ४२१. बॅन्शीवाल्यांच्या जगात ‘४२१’ एवढंच म्हटलं तरी पुरतं, इतका तो आकडा मुरलेला आहे.

ही विद्या आली कुठून

टू-स्ट्रोक इंजिनाची ताकद नुसती सीसीत नसते. ती सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, म्हणजे पोर्टच्या उंचीत असते आणि सायलेन्सरच्या आकारात असते. धूर पाइपमधून बाहेर निघतो तेव्हा त्याबरोबर दाबाची एक लाट धावते. पाइप मध्ये फुगवून पुढे पुन्हा निमुळता केला, तर ती लाट आपटून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. पंप न लावता फुकटचा पंप.

हे शास्त्र ज्यांनी टोकाला नेलं ते वॉल्टर काडेन पूर्व जर्मनीतल्या त्शोपाउ गावी, एमझेड कंपनीत काम करत. पैसा कमी, सामान कमी. तरी १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने लिटरमागे २०० हॉर्सपॉवरचा पल्ला गाठला होता. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळून पश्चिमेत गेला, आणि एमझेडची विद्या सुझुकीपर्यंत पोचली. पुढच्याच वर्षी, १९६२ ला, सुझुकीने ५० सीसी गटातलं पहिलं जागतिक विजेतेपद जिंकलं, डेग्नरच गाडीवर असताना. तिथून ही विद्या जपानी टू-स्ट्रोकमध्ये मुरली. १९७३ साली गॉर्डन जेनिंग्ज या अमेरिकन लेखकाने टू-स्ट्रोक ट्यूनिंगवर साध्या माणसाला समजेल असं पुस्तक लिहिलं, आणि रेसिंग खात्यातली गुपितं गॅरेजच्या फळीवर आली.

पण त्या विद्येबरोबर एक पथ्य होतं, ते बऱ्याच जणांनी पाळलं नाही. लाट परत येण्याची वेळ ठरावीक आरपीएमलाच जुळते. त्याखाली इंजिन मरगळलेलं, आणि तिथे पोचलं की एकदम दिवा लागल्यासारखी ताकद. मोटरसायकलवर हे थरारक असतं. सरळच जाऊ पाहणाऱ्या क्वाडवर, ऐन वळणात, ते धोक्याचं असतं.

दुसरं म्हणजे, नवा पाइप लावला आणि एअर फिल्टरचं झाकण काढलं की इंजिन जास्त हवा ओढतं. तेवढं पेट्रोल वाढवायचं तर कार्ब्युरेटरमधला जेट मोठा घालावा लागतो. जेट स्वस्त असतो, म्हणूनच तो राहून जातो. मग मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि शेवटी त्याच्या डोक्याला भोक पडतं. पाइपच्या पैशांनी सुरू झालेलं अपग्रेड अख्ख्या इंजिनाच्या कामावर जाऊन थांबतं.

बिल पुढे सरकतं

नव्वदच्या दशकातले चांगले क्वाडवाले जे शिकले ते एका ओळीत सांगता येतं. इंजिनात वाढवलेली ताकद पुढच्या प्रत्येक पार्टच्या नावाने बिल फाडते.

ताकद वाढली की चेन मागच्या अ‍ॅक्सलला जोरात ओढते आणि पुढची चाकं उचलली जातात. चढावर गाडी मागे उलटते. म्हणून वाळूच्या टेकड्या चढणारे लोक मागचा स्विंगआर्म लांब करतात. स्विंगआर्म लांब झाला की गाडी वळायला जड होते. वळणात ती कलंडू नये म्हणून दोन चाकांमधलं अंतर वाढवायचं, म्हणजे रुंद अ‍ॅक्सल आणि लांब आर्म. किती रुंद? गाडी कलंडणार की नाही हे ठरवताना चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग आणि वजनाच्या केंद्राची उंची यांची तुलना करा. रुंदी जास्त आणि उंची कमी, तेवढी गाडी जमिनीला धरून. मोटोक्रॉसवाले ५० इंचांपर्यंत गेले. पण रुंद अ‍ॅक्सल म्हणजे लांब तरफ. चाकाला बसलेला प्रत्येक धक्का बेअरिंगवर जास्त जोराने येतो. मग बेअरिंगचं घर मजबूत करा. मग ब्रेक.

जे टिकले त्यांनी हा क्रम उलटा केला. आधी रुंदी, मग सस्पेन्शन, मग ब्रेक. इंजिन सगळ्यात शेवटी.

आणि कारखाने परत आले तेव्हा त्यांनीही हाच धडा गिरवला. कराराची मुदत १९९८ ला संपली. १९९९ ला होंडाची ४०० ईएक्स आली, एक्सआर ४०० या बाइकच्या फोर-स्ट्रोक इंजिनावर. २००४ ला यामाहाची वायएफझेड ४५०, मोटोक्रॉस बाइकच्या इंजिनाच्या घराण्यातली. म्हणजे गॅरेजात ब्रॅकेट वेल्ड करून होत होतं ते आता दुकानात मिळू लागलं. २००६ ला आलेली सुझुकीची एलटी-आर ४५० तर कारखान्यातूनच जवळपास ५० इंच रुंद निघाली. वीस वर्षं लोकांनी स्वतःच्या खर्चाने आणि काहींनी स्वतःच्या हाडांनी जो आकडा शोधला, तो शोरूमच्या पत्रकात छापून आला. त्याच सुमाराला प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २००६ च्या मॉडेलनंतर बॅन्शी अमेरिकेच्या दुकानातून गेली.

दोन दिवसांचं काम

मी इंजिनिअरिंगला असताना आमच्या कॉलेजची टीम ‘बाहा’ स्पर्धेला उतरली होती. १९७६ साली साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झालेली ही स्पर्धा २००७ पासून आपल्याकडे इंदूरजवळ पिथमपूरला होते. क्वाड नव्हे, पिंजऱ्यासारखी बग्गी बनवायची. पण नियम असा होता की सगळ्यांना तेच दहा हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि त्याला हात लावायचा नाही. आम्ही सुरुवातीला कुरकुरलो. इंजिनाला हात लावायचा नाही तर इंजिनिअरिंग कसलं? वर्षभर वजन कमी करण्यात, आर्मचे कोन मोजण्यात आणि ब्रेक बसवण्यात गेलं. तरी टेस्टिंगला एका वळणावर आमचीच गाडी आडवी झाली. वेग किती होता? सायकलवाला मागे टाकेल एवढा. चूक इंजिनाची नव्हती. इंधनाची टाकी आणि सीट आम्ही चार बोटं वर घेतली होती, सोयीसाठी. ड्रायव्हरला पट्टे होते म्हणून मनगटावर निभावलं.

क्वाडवर पट्टे नसतात. पिंजराही नसतो.

म्हणून मी भावाला विचारलं, ‘तुझ्या गाड्यांवर बसतं कोण?’

तो गप्प झाला. त्याला उत्तर माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा क्वाड बघणारे लोक बसतात. पुढ्यात पाच वर्षांचं पोर घेऊन बाबा बसतात, पोराचे हात अ‍ॅक्सिलरेटरवर, आणि आई मोबाइलवर शूटिंग करते. त्यांना कुणी वजन आत टाकायला शिकवलेलं नसतं.

मग आम्ही फोनवरच हिशेब मांडला. जुनं इंजिन सात-आठ हॉर्सपॉवरचं, पल्सरचं विसाच्या घरातलं. म्हणजे जवळपास तिप्पट. ब्रेक मात्र तेच जुने. नवं इंजिन जड आणि उंच, त्यामुळे वजनाचं केंद्र वर. बाइकचं इंजिन समोरून जोरात येणाऱ्या वाऱ्यावर थंड राहतं. वाळूत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत असते आणि वारा नसतोच. शिवाय बाइकच्या इंजिनाला रिव्हर्स नाही.

‘मग करू काय? सीझन चालू आहे,’ तो म्हणाला. हा प्रश्नही खरा होता. एक गाडी बंद म्हणजे चौथा हिस्सा कमाई बंद.

उत्तर शेवटी गॅरेजवाल्या काकांनीच दिलं. जुनं ११० चं आडवं इंजिन होंडाच्या जुन्या कब घराण्याची नक्कल होती. आपल्या स्प्लेंडरचं आडवं इंजिन त्याच घराण्यातलं. पार्ट कुठल्याही नाक्यावर मिळतात. काकांनी एक स्प्लेंडरचं इंजिन आणलं, ब्रॅकेट थोडी कापून जोडली, चेनची रेघ दोरी लावून सरळ केली. दोन नाही, पाच दिवस लागले. रिव्हर्स गेला, आता वाळूत अडकली तर दोघांनी ढकलायची. एअर फिल्टर वर सीटखाली घेतला, आणि अ‍ॅक्सिलरेटरला एक स्क्रू लावला, म्हणजे तो अर्ध्याच्या पुढे पिळलाच जात नाही. स्प्लेंडरची ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आसपास. ताकेउचींच्या आकड्यापासून फार लांब नाही.

पुढ्यात पोर बसवायचं नाही, अशी पाटीही त्याने लावली आहे. पहिल्याच रविवारी दोन गिऱ्हाइकं पाटी वाचून शेजारच्या गाडीवाल्याकडे गेली, असं त्याने मला चिडून सांगितलं. पाटी अजून आहे.

२२० चं इंजिन त्याच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलंय. मागच्या आठवड्यात त्याने पुन्हा फोटो पाठवला. यावेळी लेथवाल्याकडून आणलेल्या, चार इंच लांब अ‍ॅक्सलचा. खाली लिहिलं होतं : ‘फक्त माझ्यासाठी. गिऱ्हाइकांना नाही देणार. आता?’

मी लिहिलं, ‘आता ब्रेक.’